पेपर चौथा: प्रेक्षक

कार्यक्रमाची व्यवस्था वर्गात बसवून शिकवता येते का, या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतलं आहे. सुरुवात एका प्राध्यापकांपासून करावी लागेल. ते वर्गात आले की फळ्याकडे न जाता सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि पुढच्या कुणाला तरी म्हणत, "तुमी बोला. मी इथून ऐकून पाहतो."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. आमच्या विद्यापीठाने तिथल्या एका महाविद्यालयात संध्याकाळचा एक अभ्यासक्रम सुरू केला होता. नाटक, संगीत, लोककला यांचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था चालवायला माणसं तयार करणं हा त्याचा उद्देश. पेपर चार होते: कलेचा इतिहास, संस्थेचे नियम, हिशेब आणि प्रेक्षक. पहिल्या तिन्हींना पुस्तकं होती. चौथ्याला सर होते.

सर दिवसा राज्यशास्त्र शिकवत. मूळचे गोंदियाकडचे. वर्ग हिंदीतून चाले. पण मी आणि तिथल्या पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये काम करणारे धनराजभाऊ, अशा आम्हा दोघांशी ते घरच्या मराठीत बोलत. मी शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे मला ते "बाई" म्हणत. हा अभ्यासक्रम आपल्या गावात यावा म्हणून त्यांनी कित्येक वर्षं विद्यापीठाच्या मागे लकडा लावला होता. तो मिळाला, पण तात्पुरता. प्रात्यक्षिक परीक्षेला विद्यापीठाचे तपासनीस येणार आणि त्यांच्या अहवालावर तो कायम करायचा की बंद, हे ठरणार होतं.

गृहपाठ म्हणून सर आम्हाला सभागृहातल्या सगळ्यात वाईट जागी बसून पूर्ण कार्यक्रम पाहायला लावत. स्वतःही तेच करत. नेहरू नगरातल्या एका लग्नात ते मांडवाच्या खांबामागे खुर्ची सरकवून बसले होते. मुलीचे मामा धावत आले. "सर, इथं कावून बसले? जेवण तिकडं हाये."

"जेवण दिसून राहिलं हो. नवरदेव दिसत नाई इथून," सर म्हणाले. मामांनी जाऊन पाहिलं. खरोखरच दिसत नव्हता.

एकदा मी उत्तरात लिहिलं होतं, 'उत्तम कार्यक्रम तो, ज्यातून कुणीही मध्येच उठत नाही.' सरांनी वाक्याखाली रेघ ओढली आणि मला थांबवून विचारलं, "बाई, या गावात नाइट शिफ्ट बंद झाली का?"

तेच पुढे म्हणाले, "माणूस उठून चालला म्हणजे त्याले आवडलं नाई, असं नाई. त्याले भट्टी बोलावून राहिली. त्याले सुखानं जाता आलं पायजे, अन् बसलेल्याले त्याचा त्रास नाई झाला पायजे. हा आपला पेपर."

प्रात्यक्षिकासाठी आम्ही पंडवानीचा, म्हणजे महाभारतातल्या कथा गाऊन सांगण्याचा कार्यक्रम ठरवला. जामुलच्या पलीकडच्या एका खेड्यातली कथागायिका, सोबत तिचे वादक. सरांच्या शिकवणीप्रमाणे आम्ही तिकीट देतानाच प्रत्येकाला शिफ्ट विचारली. नाइटवाल्यांना कडेच्या खुर्च्या दिल्या, त्यांच्या सायकली फाटकाजवळ लावायला सांगितलं आणि खुर्च्यांमधल्या वाटेवर तागाचं जाडं कापड अंथरलं. नाइटवाले साडेआठला निघणार होते. त्या वेळी कथेचा एखादा प्रसंग संपेल का, असं सरांनी गायिकेला विचारलं. ती तंबुरा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "भीम ला रोक लेहूँ, गुरुजी."

आणि तिने भीमाला खरंच थांबवलं. साडेआठला प्रसंग संपला, टाळ्या झाल्या, तिने पाणी प्यायला घेतलं. दोन्ही कडांच्या रांगा उठल्या. चपला हातात, डबे काखेत. पावलाचासुद्धा आवाज नाही. मधल्या खुर्च्यांवरच्या कुणी मान वळवली नाही. इतकं सुबक उठणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

नेमके त्याच क्षणी तपासनीस दारात पोहोचले. त्यांची गाडी रायपूरहून निघायलाच उशीर झाला होता. मी मंचाच्या बाजूला उभी होते, तिथून सगळं दिसत होतं. त्यांच्या अंगावरून माणसांचे लोंढे मुकाट्याने बाहेर पडत होते. त्यात धनराजभाऊही होते. त्या आठवड्यात त्यांची नाइट होती. तपासनिसांनी नेमकं त्यांनाच थांबवून मोठ्याने विचारलं, "क्यों भाई, अच्छा नहीं लगा?"

धनराजभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं, मंचाकडे हात दाखवला आणि ते सायकलीकडे गेले.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी तपासनिसांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष रिकाम्या रांगांकडे होतं. शेवटी सर म्हणाले, "आप अगले हफ़्ते आइए. इनकी शिफ़्ट बदल जाएगी. यही लोग आख़िर तक बैठेंगे."

"सब यही कहते हैं, प्रोफ़ेसर साहब," ते हसून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता.

अहवालात एक वाक्य होतं: 'अर्धे प्रेक्षक मध्येच निघून गेले.' ते खोटं नव्हतं. नवे प्रवेश थांबले. आमची तुकडी पहिली, आणि तीच शेवटची.

धनराजभाऊ सरांच्या वैशाली नगरातल्या घरी गेले, तेव्हा मीही तिथे होते. ते बसेचनात. "माह्यामुळं झालं, सर. मले काय मालूम ते कोण हायेत! दोन शब्द बोललो असतो तर..."

"बोलले असते तर मी मार्क कापले असते," सर म्हणाले. "बसा आधी."

चहा आला, तो त्यांनी आमच्यापुढे सरकवला. "चूक माही हाये. त्या वक्ताले दारात मी उभा पायजे होतो. अन् मी कुठं होतो? मागच्या कोपऱ्यात, पंख्याखाली. तिथून ऐकू येते का, ते पाहत होतो."

"आलं का ऐकू?" धनराजभाऊंनी विचारलं.

"एकेक शब्द," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर आम्ही अहवाल विसरलो.

त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही. निवृत्तीपर्यंत राज्यशास्त्र शिकवलं आणि गोंदियाला परत गेले. ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा सरांच्या मुलाने मला त्यांची खोली दाखवली. खोली नीट आवरलेली होती.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या तुकडीतले बहुतेक जण पुढे आपापल्या मंडळांत काम करत राहिले. मी भिलाई सोडलं त्या वर्षापर्यंत तिथल्या दोन-तीन मंडळांच्या कार्यक्रमांत नाइटवाले कडेला बसत आणि प्रसंग संपला की निघत. हे सरांच्या चौथ्या पेपरामुळे घडलं, की लोकांनी स्वतःच्या सोयीने शोधून काढलं असतं, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मी त्यांची विद्यार्थिनी, तेव्हा माझं मत एकतर्फी असण्याचा संभव आहे. आपण भिलाईला गेलात, तर संध्याकाळच्या एखाद्या कार्यक्रमाला जावं. मध्येच कुणी उठलं, तर त्याच्यामागून बाहेर जावं आणि तो कुठे निघाला आहे, हे त्यालाच विचारून घ्यावं.