चवीचे दोन मार्क

आम्ही आंध्रात होतो तेव्हाची गोष्ट. आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे नवे सर आले. गाइडातून घोकलेल्या उत्तरांना ते मार्क देत नसत. घराजवळची एक वनस्पती आणा आणि स्वतः पाहून लिहा, असं सांगून त्यांनी फळ्यावर तक्ता काढला. रंग, वास, स्पर्श, चव; प्रत्येकाला दोन मार्क.

मी आमच्या गावाहून, भीमपूरहून, धोतऱ्याचं बोंड आणलं होतं. धोतरा विषारी असतो हे आमच्याकडे शेळ्यांनाही ठाऊक. पण चवीची जागा रिकामी सोडायची माझी छाती झाली नाही. मी डोळे मिटून चिमूटभर बिया चावल्या. कडूजहर लागल्या, तसं लिहिलंही.

तास संपायच्या आत तोंडाला कोरड पडली, अक्षरं पुसट झाली, काळीज धाडधाड उडायला लागलं. सरांनी मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "विषारी आहे हे माहीत नव्हतं?"

"मालूम होतं, सर."

"मग का खाल्लंस?"

"मार्क होते ना, सर."

ते कपाळाला हात लावून खाली बसले. आणि मला धास्ती, आता चवीचे मार्क कापतात की काय!