भावाचं शिंग

कर्जतच्या कचेरीत मी बंदुकांच्या परवान्यांचा कारकून होतो. नोकरीची पंचवीस वर्षं त्यात गेली, त्यातली निम्मी चालण्यात. हत्यारांचा कायदा आल्यावर गावोगावच्या बंदुका तपासायच्या आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याची जमा करून घ्यायची, एवढंच ते काम. पोशीरपासून चौक गावापर्यंतच्या सगळ्या पायवाटा माझ्या गुडघ्यांना ठाऊक होत्या. बंदूक हातात देताना लोक काही बोलत नसत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

बहुतेक बंदुका जुन्या, चापाला गारगोटी लावलेल्या. त्या जिल्ह्याच्या गावी जात. पण बंदुकीबरोबर तिची दारू भरून ठेवायचं एक शिंग असे, आणि त्याचा आमच्या कागदांत कुठेच उल्लेख नव्हता. पोशीरला एका शेतकऱ्याच्या ओट्यावर असंच पडलेलं एक मी उचललं. म्हशीचं शिंग, उकळून आणि खरवडून इतकं पातळ केलेलं, की उन्हात धरलं तर आत दारू किती उरली ते बाहेरून दिसावं. रुंद तोंडाला सागाची चकती ठोकलेली, निमुळत्या टोकाला हाडाचं बूच. बूच काढून हुंगलं तर गंधकाचा वास. दिवसभराचा शीण तेवढ्यापुरता उतरला. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "न्या की. आता काय भरायचं त्यात?"

मग सवयच लागली. सहा-सात वर्षांत तीसेक शिंगं झाली. बायकोनं ती घरात येऊ दिली नाहीत. "ढोरांची शिंगं देवापाशी नकोत," म्हणाली. गोठ्याच्या माळ्यावर ती रचली गेली. कधी सुटीच्या दिवशी मी शिडी लावून वर जायचो आणि एकेक पुसून ठेवायचो. कुणाला दाखवावीत असं फारसं कुणी नव्हतं.

कळंबच्या वर, डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची एक वाडी आहे. तिथं एका म्हाताऱ्याच्या झोपडीत कुडाच्या भिंतीला अडकवलेलं शिंग मला दिसलं. बंदूक त्याच्याकडे नव्हतीच. शिंगाचं तोंड जळून काळं पडलेलं, तडकलेल्या कडेला तांब्याची तार इतकी नीट गुंडाळलेली, की तसं काम मी आधी पाहिलं नव्हतं.

"हे कुणाचं रे?"

"भावाचं हाय, रावसाब. डुकरावर बार टाकला, आन् नळीत ठिणगी ऱ्हायली. त्यात शिंगातली दारू वतली, तसा भडका उडाला. तिसऱ्या दिशी गेला. हातात हेच व्हतं." मग थांबून म्हणाला, "दसऱ्याला आमी त्याला फूल वाहतो."

मी मागितलं. तो नाही म्हणाला, अगदी साधेपणानं, जसं कुणी पाणी नको म्हणावं तसं. मी सकाळपासून चालत होतो, ऊन डोक्यावर होतं, आणि ते शिंग मला हवं होतं. मी म्हणालो, "दारूचं शिंग ठेवायलाही मनाई आहे. सरकारात जमा करावं लागेल."

असा काही नियम नव्हता.

तो उठून कुडापाशी गेला. त्यानं ते काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाला, "चिठ्ठी द्या मंग." मी दौत काढून एका कोऱ्या कागदावर लिहिलं, एक शिंग जमा. खाली सहीसुद्धा केली.

पुढच्या वर्षी रेल्वेतला एक गोरा साहेब ती शिंगं पाहायला आला. त्याला ते तांब्याच्या तारेचंच आवडलं. बदल्यात त्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरात पहिलं घड्याळ आलं म्हणून बायको खूश झाली. साहेब नंतर विलायतेला परत गेला. मी त्यावर फार विचार केला नाही.

चारेक वर्षांनी म्हातारा कचेरीत आला. वाडीवरून कर्जतपर्यंत चालत आलेला. कुणी तरी त्याला सांगितलं होतं, की शेतराखणीच्या बंदुका परत देताहेत, तर शिंगही मिळेल. बांबूच्या नळकांड्यातून त्यानं माझी चिठ्ठी काढून शेजारच्या कारकुनापुढे धरली. कारकुनानं ती वाचली, शिक्का कुठे आहे म्हणून उलटून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माझं काम आहे, मी बघतो." आणि म्हाताऱ्याला घरी घेऊन आलो.

त्याला ओटीवर बसवून मी माळ्यावर चढलो. जळक्या कडेचं आणखी एक शिंग होतं. ते खाली आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते फिरवलं, कडेवरून अंगठा फिरवला, हुंगलं.

"ह्यो नाय."

"हेच आहे. नीट बघ."

"माझा भाव मी वळखत नाय व्हय?"

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला पुढे खोटं बोलवेना. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता. मी सगळं सांगितलं. नियम नव्हता हे, साहेबाचं, घड्याळाचंही. ते त्याच्या डोक्यावरच टिकटिकत होतं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दर दसऱ्याला फूल मोकळ्या कुडाला वाहत व्हतो. त्याला सांगायचो, तू सरकारात हायेस, नीट हायेस."

"चुकलं माझं, बाबा," मी म्हणालो. मघापर्यंत मी त्याला अरे-तुरे करत होतो. "यातलं हवं ते घ्या. सगळी न्या."

"ही दुसऱ्यांची मानसं," तो म्हणाला आणि उठला.

बायकोनं त्याला बसवून जेवू घातलं. तो पोटभर जेवला, हात धुतले, चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि निघाला. उल्हास नदीच्या उतारापर्यंत मी बरोबर गेलो. पलीकडे गेल्यावर त्यानं धोतर पिळलं आणि चालू लागला. पुढच्या फेरीत वाडीवर गेलो तेव्हा कळलं, की तो पावसाळ्यातच वारला.

त्यानंतर मी एकही शिंग उचललं नाही. माळ्यावरच्यांना कीड लागली, खाली भुसा पडू लागला. मी पेन्शनीत निघालो त्या वर्षी बायको म्हणाली, "अहो, शिंगाचं खत आंब्याला चांगलं असतं म्हणतात." परसातल्या कलमांभोवती शिंगं पुरायला आम्ही दोघांनी खड्डे खणले. माझ्यानं एका दमात हातभरसुद्धा खणवेना. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुदळ टाकून खाली बसली, मीही बसलो, आणि बराच वेळ आम्ही दोघं तसेच मातीत बसून राहिलो.