‘मले’च्या पुढचे वाक्य

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांना जाब विचारणारी पत्रे मी आयुष्यभर लिहिली — कलमांसह, मुद्देसूद, संतापून. या एका गोष्टीचा जाब मात्र कोणाला विचारणार होतो?

आणीबाणी नुकतीच उठली होती. साकोलीच्या अलीकडे, शहापूरजवळच्या आमच्या गावात माझी मुलगी वनिता चौथीत शिकत होती. मुलांच्या शिक्षणासाठी आईबापाने काय करावे, याचे माझे उत्तर ठरलेले होते — त्यांची भाषा शुद्ध करावी. आमच्या बोलीला कचेरीत हसतात, हे मी स्वतः सोसले होते. म्हणून शाळेतून धावत आलेली वनिता “बाबा, मले आज बाईनं—” म्हणाली, की माझे बोट वर जाई. “मला.” ती पुन्हा सुरुवात करी, पुन्हा चुके. पुन्हा बोट.

“काहून अडवता जी तिले?” पत्नी चुलीपासून ओरडे. “घर हाये का कचेरी? पोरगी काय सांगून रायली ते त आयका!”

मी ऐकले नाही. मुलीवर हात उगारावा लागत नाही, नुसते बोट पुरते — याचा मला अभिमान होता. अभिमान!

दिवाळीनंतर वर्गाच्या बाई घरी आल्या. वयाने लहान, परगावच्या. “काका, वनिता सगळे लिहिते, पण वर्गात एक शब्द बोलत नाही. घरी तिला कोणी रागावते का?”

मी हादरलो. माझी मुलगी — मुकी? आणि आरोपी मी? त्यांनी काळजीने विचारले होते; मला ते आरोपपत्र वाटले. त्याच संध्याकाळी मी शिक्षण खात्याकडे तक्रार केली: बाई मारतात, त्या दहशतीने मुलीची वाचा बसली. पुरावा? नव्हता. मुद्देसूद लिहिण्याचा सराव होता, तेवढा पुरला.

विस्तार अधिकारी चौकशीला आले. हेडमास्तरांच्या खोलीत वनिताला उभे केले. एका बाजूला बाई, समोर मी. अधिकारी वाकून म्हणाले, “बेटा, बाई तुला मारतात का?”

वनिताने बाईंकडे पाहिले. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज मोठा आणि स्वच्छ निघाला — “मले—”

माझे बोट वर गेले.

तिचे ओठ मिटले, ते मिटलेच. अधिकाऱ्यांनी ते मौन बाईंच्या धाकाचे मानले. बाईंची बदली साकोलीच्या पलीकडे, जंगलातल्या शाळेत झाली. जाताना त्यांनी वनिताच्या डोक्यावरून हात फिरवला.

सातवीनंतर वनिता शाळेत गेली नाही. का, हे मी विचारले. तिने मान खाली घातली.

आज ती स्वतः आई आहे. तिचे पोर अंगणवाडीतून येऊन ‘मले-तुले’ करीत बडबडते, आणि ती हातातले काम टाकून ऐकत बसते. मी दारात दिसलो की दोघेही गप्प होतात.

त्या दिवशी बोट सवयीने वर गेले, असे मी पत्नीला सांगितले होते. तिने ते मानले. पण ते खोटे आहे. ‘मले’च्या पुढे काय येणार, हे मला पक्के ठाऊक होते — “मले बाई नाही मारत.” ते वाक्य पुरे होऊ नये, म्हणूनच मी बोट उचलले.