मग मीठ कोण विकत होतं?

साताऱ्याच्या दप्तरखान्यातला तो कारकून मोडी वाचताना कुणाच्याच पूर्वजांची भीड ठेवायचा नाही. "समद्यांचे आजे सरदार! मग मीठ कोण इकत हुतं?" म्हणत फिदीफिदी हसायचा.

आमच्या औंधच्या जुन्या दुकानाचा माग काढायला मी वडिलांना घेऊन गेलो. वडील शेजारी वाकून बघत होते. एका कागदावर तो अडखळला, चक्क गंभीर झाला आणि वडिलांना म्हणाला, "आवं, तुमच्या आज्यानं राजीखुशीनं दुकान सोडलं." वडिलांनी मान डोलावली.

जिन्यात मला गाठून कुजबुजला, "खोट्या मापापायी हाकलला हुता. म्हाताऱ्याला सांगू नगा."

बाहेर वडील हसत होते. "मोडी मलाबी येती. आजा लबाडच हुता. पर ह्यो गडी माझ्यासाठी खोटं बोलला, म्हणून मान डोलावली."