चौकड्यांचा शर्ट

चष्मेवाल्यांना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचं दुकान खाली, आमचं घर त्याच्या डोक्यावर. इतकी वर्षं त्यांच्या शटरच्या आवाजानं माझी सकाळ झाली, पण त्यांना भाऊ किती, ते कुठल्या शाळेत शिकले, यातलं मला काही ठाऊक नाही. मला ते ‘वरचे’ म्हणायचे. ‘‘काय वरचे, आज खाली कसे?’’ मी काहीतरी पुटपुटायचो. आमची ही म्हणते, तुम्ही माणसं बघता कमी आणि बोलता त्याहून कमी. तेव्हा हे लिहिणं माझं काम नव्हे. पण त्यांच्याबद्दल लोक अजून जे बोलतात, ते ऐकून गप्प बसवत नाही.

त्यांचा धंदा मला फार आवडायचा. दुकानात मागे पडद्याआड एक काळोखी खोली होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट ठेवायची आणि तिच्यात एकेक भिंग टाकत विचारायचं, ‘‘हे बरं, की हे?’’ बस्स, एवढंच. एकदा मी म्हटलं, अहो, आधी सांगा ना कुठलं जास्त नंबरचं आहे ते. ते हसले. ‘‘सांगितलं की तुम्हाला तेच स्पष्ट दिसायला लागेल. डोळा फार भिडस्त असतो, वरचे. समोरच्याचं मन मोडत नाही.’’

आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा खून झाला त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. चष्मेवाले शटर ओढत होते. कोपऱ्याकडून आवाज झाला, एक माणूस पळत आला, दुकानाच्या दिव्याखाली त्याच्या तोंडावरचा रुमाल सुटला, तो त्यानं धरला आणि गेला. पोलिसांना त्यांनी त्याच रात्री तेवढंच सांगितलं. रेनकोट होता, गळ्यापर्यंत बंद. चेहरा पाहिला. पुन्हा दिसला तर बहुतेक ओळखेन.

त्या ‘बहुतेक’चं पुढे काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

खटल्यासाठी सरकारनं एक खास वकील नेमले. निवडणुका तोंडावर होत्या. पुढाऱ्याचा पक्ष रोज मोर्चे काढत होता, दुसरा पक्ष रोज हात झटकत होता. वकील रोज संध्याकाळी कोर्टाच्या पायरीवर उभे राहून बोलायचे. नेहमी तीच पायरी, तिसरी की चौथी, कारण तिथं मागे खांब छान दिसायचे. आमच्या रस्त्यावर त्यांना ‘पायरीवाले वकील’च म्हणत. एका तरुणाला धरल्यावर त्यांनी त्याचा मोठा फोटो कॅमेऱ्यांसमोर धरला. दाढीचे खुंट, निळा चौकड्यांचा शर्ट. म्हणाले, ‘‘आमचा साक्षीदार डोळ्यांचाच धंदा करतो. त्याची नजर चुकणार नाही.’’

त्यांनी नाव घेतलं नाही. पण त्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान एकच.

दुसऱ्या दिवशी कॅमेरे दारात. समोरचा न्हावी खुशीत होता. ‘‘माझी अर्धी पाटी दिसली हो टीव्हीवर. तुमच्या वकिलांना सांगा, कॅमेरा जरा डावीकडे घ्या म्हणावं.’’

‘‘माझे कुठले वकील?’’ चष्मेवाले म्हणाले.

‘‘असं कसं? तुमच्या जिवावर तर त्यांचं चाललंय.’’

पुढचे काही दिवस तो फोटो सकाळ-संध्याकाळ दिसत होता. आमच्याकडे, न्हाव्याकडे, बँकेतल्या भिंतीवरच्या टीव्हीवर. मग ओळख परेड झाली. एका रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून चष्मेवाल्यांनी त्याच तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. वकील त्या संध्याकाळी पायरीवर हसले. खटला उभा राहायला वर्ष उलटलं, त्यातही हसू टिकून होतं.

चष्मेवाल्यांची साक्ष होती त्याच्या आदल्या संध्याकाळी ते जिन्यात बसलेले दिसले. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. मी बाजूनं जाऊ लागलो तर म्हणाले, ‘‘वरचे, बसता का जरा?’’

बसलो.

‘‘तो पळताना मला अजून दिसतो,’’ ते म्हणाले. ‘‘रोज शटर ओढताना दिसतो. रुमाल सुटतो, तो वळतो, सगळं तसंच. पण अंगात चौकड्यांचा शर्ट असतो.’’

मला कळेना. ‘‘मग?’’

‘‘अहो, त्यानं रेनकोट घातला होता. गळ्यापर्यंत. मीच लिहून दिलंय. शर्ट मला दिसलाच नव्हता. मग हा शर्ट आला कुठून?’’

मी पिशवीतली कोथिंबीर नीट करत राहिलो.

‘‘शर्ट आला टीव्हीतून,’’ ते म्हणाले. ‘‘आता चेहरा कुठून आला, ते मी कसं सांगू?’’

‘‘तुम्ही उद्या काय सांगणार?’’

‘‘तेच कळत नाही. हो म्हटलं तर पोरगा जन्माचा आत. नाही म्हटलं आणि तोच असला, तर खुनी मोकळा.’’ मग उठून पँट झटकली. ‘‘जा, वहिनी वाट बघत असतील.’’

मी कोर्टात गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो. वकिलांनी आवाज चढवून विचारलं, ‘‘हाच तो माणूस ना?’’

‘‘याला मी ओळखतो,’’ चष्मेवाले म्हणाले. ‘‘पण रस्त्यावर पाहिला म्हणून ओळखतो की टीव्हीवर पाहिला म्हणून, हे मला सांगता येत नाही.’’

‘‘परेडमध्ये तुम्ही हात ठेवलात तो कोणाच्या खांद्यावर?’’

‘‘याच्याच.’’

‘‘मग आता काय झालं?’’

‘‘परेडच्या आधी तुम्ही याचा फोटो रोज दाखवत होता, साहेब.’’

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं आणि संध्याकाळी पायरीवर सांगितलं, ‘‘चष्मेवाल्यालाच दिसेनासं झालं. का झालं, हे जनतेनं ओळखावं.’’ जनतेनं ओळखलं. दुकानाची काच फुटली. न्हावी रस्त्यापलीकडून ओरडला, ‘‘डोळा कितीला विकला हो?’’ तेव्हा ते फक्त म्हणाले, ‘‘तुझी दाढी उजव्या बाजूला राहिलीय बघ.’’ तरुण पुराव्याअभावी सुटला. वकील पुढच्या निवडणुकीत उभे राहिले आणि निवडून आले. त्यांचा हसरा फलक बरेच दिवस दुकानासमोर होता.

चष्मेवाले काच बदलून पुन्हा बसू लागले. गिऱ्हाईक तुरळक. शटर मात्र ते आता अर्ध्यावर आणून थांबायचे. रस्त्याकडे बघत उभे राहायचे. वरून मला त्यांचं टक्कल तेवढं दिसायचं. कितीतरी वेळानं शटर खाली जायचं. जिन्यातलं बोलणं मी हिला सांगितलं होतं; ती म्हणायची, ‘‘गेला का तो पळणारा?’’

एकदा माझ्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून खाली गेलो. बाकावर बसलो होतो तेवढ्यात एक माणूस आत आला. फोटोतली दाढी काढलेली होती, पण कोण ते मला कळलं. चष्मेवाल्यांनाही कळलं असणार.

‘‘डोळे तपासायचेत,’’ तो म्हणाला. ‘‘आत उजेड कमी होता.’’

‘‘या,’’ ते म्हणाले आणि पडदा सारला.

मी उठून जायला हवं होतं. पण बसून राहिलो. पडद्यामागून सगळं ऐकू येत होतं.

‘‘हे बरं, की हे?’’

‘‘दुसरं.’’

‘‘आता? हे, की हे?’’

‘‘दुसरंच.’’

‘‘दोन्ही एकच होतं.’’

तो हसला. ‘‘मग विचारलंत कशाला?’’

‘‘सगळ्यांनाच विचारतो. हनुवटी वर करा.’’

भिंगं पेटीत ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, ‘‘आई म्हणते, तुम्ही मला वाचवलंत. वकील म्हणतात, तुम्ही पैसे खाल्लेत. तुम्हाला मला काही विचारायचंय का? विचारा. मी खरं सांगेन.’’

आतून बॅटरीचं बटण दाबल्याचा आवाज आला.

‘‘नको,’’ चष्मेवाले म्हणाले. ‘‘तुम्ही जे सांगाल तेच मला दिसायला लागेल. डावा डोळा झाका.’’

तो माणूस आगाऊ पैसे देऊन गेला. पडदा बाजूला झाला तरी चष्मेवाले आतच उभे होते, हातात बॅटरी, ती चालूच.

‘‘वरचे,’’ ते म्हणाले, ‘‘वीतभर अंतरावरून बघितलं. बुबुळापर्यंत.’’

‘‘मग?’’

‘‘चौकड्यांचा शर्ट दिसला. पांढरा घालून आला होता ना तो?’’

‘‘पांढराच होता,’’ मी म्हणालो.

त्या माणसाचा चष्मा तयार होऊन खणात पडून राहिला. तो न्यायला आला नाही. का आला नाही, याला शंभर कारणं असू शकतात. चष्मेवाल्यांनी ती सगळी मला एकेक करून सांगितली, आणि प्रत्येक कारणानंतर रस्त्याकडे बघितलं.

ते गेले ते झोपेतच. त्याच्या चार-दोन दिवस आधी माझा नवा चष्मा आणायला खाली गेलो होतो. त्यांनी तो माझ्या नाकावर बसवला, कानामागे बोट घालून काडी चाचपली आणि मागे सरून बघितलं.

‘‘जिना चढताना सांभाळा,’’ ते म्हणाले. ‘‘सुरुवातीला पायरी वर आल्यासारखी वाटेल. ती असते तिथंच असते.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि नाक दुखलं तर घेऊन या. वाकवून देतो.’’

‘‘आणतो,’’ मी म्हणालो.