तांदळाची पिशवी

मुलांनो, कॅन्सरमुळे माझ्या छातीचे ऑपरेशन झाल्यावर गोंदियात ज्या बाईने मला ब्लाऊज शिवून दिले, तिच्याबद्दल लिहायचे राहिले. ती तोंडात टाचण्या धरून बोलायची. रिकाम्या बाजूसाठी तिने कापडी पिशवीत तांदूळ भरले, तळहातावर तोलले आणि म्हणाली, "आजी, पावसाळ्यात बदलवजा, नाही त सोंडे-किडे होतीन."

ब्लाऊज तयार झाले, पण ती देईना; ऑपरेशननंतरची तपासणी मी टाळतेय, हे माझ्याच बोलण्यातून तिला कळले होते. "नागपूरची तपासणी काऊन टाळून राहिल्या? डॉक्टरचा कागद दाखवा, मंग नेजा."

मला भीती वाटत होती, तरी चिडून नागपूरला गेले. कागद चांगला आला. तो इंग्रजीत होता. तिने मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

मग मशीनच्या खणातून तिने स्वतःचा बंद लिफाफा काढला. तिलाही हाच आजार होऊन गेल्याचे मला तेव्हा कळले. तपासणी करून तीन महिने झाले होते, पण तिने तो उघडलाच नव्हता.

"आता माहा वाचा," ती म्हणाली. तोंडात एकही टाचणी नव्हती.

सगळे ठीक होते. तिने न सांगताच मी दोनदा वाचले.