खाणवाडीचा पखाली

येरमाळ्याच्या पलीकडं एक माळ आहे. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही, आणि तेही नाइलाजानं. निजामाच्या राज्यात, महायुद्धाच्या दिवसांत या माळावर भली मोठी वस्ती उभी राहिली होती, असं सांगितलं तर आज कुणी विश्वास ठेवत नाही. न ठेवोत बापडे.

झालं असं, की शरणबसप्पा नावाच्या ठेकेदाराला तिथं काळा दगड सापडला. आमच्या अख्ख्या मुलखात काळ्या दगडाशिवाय दुसरं आहे काय? पण शरणबसप्पानं तो चुलीत टाकला, तो तापला, आणि त्यानं जाहीर केलं की हा कोळसाच आहे, फक्त कच्चा आहे; पिकलेला खाली असणार. एवढ्या बोलण्यावर खाण सुरू झाली. झोपड्या उठल्या, न्हावी आला, शिंपी आला आणि वस्तीला खाणवाडी नाव पडलं.

नव्हतं ते फक्त पाणी. ते मकबूल पखाली आणायचा. रेड्याच्या पाठीवरची कातड्याची पखाल खालच्या ओढ्यात भरायची आणि रेड्यामागं माळ चढायचा, हे त्याचं काम. आपल्या गावात, तामलवाडीत, ज्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं, त्याला इथं ठेकेदार आधी सलाम करायचा. मकबूल मिशीला तेल लावू लागला.

तेलाचं खरं कारण रजियाबी. ही विधवा बाई खाणीच्या वर, चढावर भज्यांचं दुकान चालवायची. बोलणं तिखट, भजी त्याहून तिखट. वस्तीत सगळ्यांत जास्त पाणी तीच घ्यायची. मकबूल पाणी ओतायचा आणि पखालीची शिवण तपासत उगाच उभा राहायचा. लग्नाचं विचारायला तोंड उघडायचा आणि भजी मागून मोकळा व्हायचा. खाऊन खाऊन त्याचं पोट बिघडलं, पण गोष्ट काही पुढं सरकली नाही.

मग खाणीत पाणी लागलं. आधी ओल, मग घोटाभर, मग गुडघाभर, तेही भर उन्हाळ्यात. शरणबसप्पा डोकं धरून म्हणाला, "हे पाणी निघालं न्हाय तर खदान बंद."

रजियाबीनं मकबूलला सरळ सांगून टाकलं, "वस्ती उठली तर भावाकडं परंड्याला जाणार. त्यानं माझ्यासाठी माणूस बघून ठेवलाय."

मकबूलनं ओढा सोडला आणि खाण उपसायला घेतली. पण उपसलेलं पाणी टाकायचं कुठं? जातीचा पखाली तो, सांडून देणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं ते रजियाबीच्या दारात नेऊन ओतायला सुरुवात केली. तीही बिचारी नको म्हणाली नाही. घागरी, पराती, सापडेल ते पुढं करत गेली. खाण मात्र सकाळी गुडघाभर, संध्याकाळीही गुडघाभर. मकबूल वाळला, रेडा वाळला, खाण काही वाळेना.

शेवटी शरणबसप्पानं हात टेकले. आठवड्यात वस्ती उठली. न्हावी तर एकाची अर्धी दाढी तशीच ठेवून गेला.

मकबूल जड पायानं रजियाबीला निरोप द्यायला आला. तिची कढई उचलायला म्हणून दुकानामागं गेला आणि तिथंच थबकला. तिथून एक ओला पाट निघाला होता. दोन्ही काठांना हिरवंगार गवत होतं, आणि तो पाट सरळ खाणीत उतरत होता.

"हे काय, बी?"

"तुमचंच पाणी. भज्याला असं किती लागतंय? तांब्याभर."

"मग घेत कशाला होता?"

"घेतलं नसतं तर तुम्ही आला असता व्हय?"

मकबूलनं पाटापासून खाणीपर्यंत नजर नेली. मग म्हणाला, "म्हंजे खदान आपण दोघांनी बुडवली."

"बुडवली की. तरी तुमच्या तोंडातून शब्द फुटला न्हाय. आता काय परंडा बुडवायची वाट बघू?"

तेव्हा कुठं मकबूलनं विचारलं. निकाह मात्र येरमाळ्याला जाऊन लावावा लागला, कारण खाणवाडीत साक्षीलासुद्धा माणूस उरलं नव्हतं.